फाइल पुसली, पण फेरफार राहिला

२०२६-२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत लॉज, धर्मशाळा आणि घरगुती खोल्या देणाऱ्यांच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो साठत जाणार आहेत. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयाभोवतीच्या झेरॉक्सच्या दुकानांत तर हे रोजचेच आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर कागद पाठवते, दुकानदार तो उतरवून प्रिंट काढतो आणि गिऱ्हाइकासमोरच डिलीट करून दाखवतो. काही जण त्याहून पुढे जाऊन फाइल 'कायमची' पुसणारे सॉफ्टवेअर वापरतात. हेतू चांगलाच आहे. पण त्या सॉफ्टवेअरने नेमके काय पुसले आणि काय जागच्या जागी राहिले, हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते. पुढे तोच कॉम्प्युटर जुन्या बाजारात विकला जातो आणि दुसऱ्यांचे कागद त्याच्याबरोबर जातात.

## आधी सातबारा समजून घेऊ

जमीन विकली की सातबाऱ्यावर काय होते? जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस होतो, फेरफार क्रमांक लागतो आणि नवे नाव येते. जमीन जिथल्या तिथेच असते, उभे पीकही तसेच असते.

विंडोजच्या डिस्कवर अशीच एक नोंदवही असते, तिचे नाव मास्टर फाइल टेबल. प्रत्येक फाइलीला त्यात साधारण १,०२४ बाइटचे एक पान मिळते. फाइलीचे नाव, तारखा, आकार आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या गटांत ठेवला आहे, हे सगळे त्या पानावर असते. तुम्ही फाइल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामे करता तेव्हा त्या पानाला फक्त कंस होतो. 'हे पान मोकळे, ही जागा मोकळी' एवढीच खूण होते. मजकूर जमिनीवर तसाच पडून राहतो आणि त्या जागेवर दुसरी फाइल येईपर्यंत रेकुव्हा किंवा फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो.

रिसायकल बिनमध्ये गेलेल्या फाइलीबरोबर आणखी एक छोटी चिठ्ठी तयार होते. मूळ फाइल कोणत्या फोल्डरमध्ये होती, केवढी होती आणि किती वाजता डिलीट केली, हे त्या चिठ्ठीत असते. बिन रिकामे केल्यावर चिठ्ठीलाही नुसता कंसच होतो.

## 'कायमचे पुसणे' म्हणजे काय करतात

पुसणारे सॉफ्टवेअर जमिनीवर नांगर फिरवते. फाइलीचा मजकूर जिथे आहे त्याच जागेवर शून्ये किंवा अर्थहीन आकडे लिहिते, आणि मगच पानाला कंस करते. साध्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर हे काम चोख होते. एकदा वरून लिहिले की खालचा मजकूर गेला.

इथे हमखास एक आक्षेप येतो: ३५ वेळा पुसावे लागते ना? हा आकडा १९९६ सालचा आहे. संगणक सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांनी तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कसाठी मिळून ३५ नमुने सुचवले होते. एका डिस्कला सगळे ३५ लागतात असे त्यांचे म्हणणे नव्हतेच, हे त्यांनी स्वतः नंतर लिहिले. आजच्या दाट तबकडीवर एक फेरा पुरतो. हिशेब पाहा. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १२० मेगाबाइटच्या वेगाने भरायला सुमारे सव्वादोन तास लागतात. ३५ फेऱ्यांना तीन दिवसांहून जास्त वेळ जाईल आणि हाती वेगळे काहीच लागणार नाही. खरी गळती दुसरीकडे आहे.

## फेरफार वहीत काय उरते

गावी सातबाऱ्याशिवाय गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही असते. विंडोजमध्येही ती आहे, तिला बदल-नोंदवही म्हणू. कोणती फाइल तयार झाली, कोणाचे नाव बदलले, कोणती गेली, याची वेळेसकट ओळ तिच्यात पडते. कॉम्प्युटर किती वापरात आहे त्यानुसार काही दिवसांच्या किंवा काही आठवड्यांच्या ओळी तिच्यात सापडतात.

मायक्रोसॉफ्टचेच एसडिलीट नावाचे साधन घ्या. नावाचा माग राहू नये म्हणून ते फाइल काढण्यापूर्वी तिचे नाव २६ वेळा बदलते: आधी सगळी अक्षरे ए, मग सगळी बी, असे करत झेडपर्यंत. मास्टर फाइल टेबलच्या पानावरचे नाव खरोखर जाते. पण बदल-नोंदवहीत पहिल्याच ओळीत 'जुने नाव अमुक' असे लिहिले जाते, आणि त्याखाली ए ते झेडची शिडी उभी राहते. तपासणाऱ्याला ती शिडी पाहून साधनाचे नावसुद्धा ओळखता येते.

इतर वह्या थोडक्यात सांगतो. विंडोजच्या प्रीफेच फोल्डरमध्ये चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद असते. विंडोज १० आणि ११ मध्ये तिच्यात शेवटच्या आठ वेळा चालवल्याच्या वेळा मिळतात आणि सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत कोणत्या फाइली हाताळल्या त्यांची नावेही. पुसणारे सॉफ्टवेअरही प्रोग्रामच असल्यामुळे त्याचीही नोंद होते. अलीकडे उघडलेल्या फाइलींचे शॉर्टकट वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. कोणते फोल्डर उघडले होते हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात राहते, मग ते फोल्डर पेनड्राइव्हवरचे असले तरी. सुरक्षा लॉग पूर्ण पुसला, तर नव्या लॉगमध्ये '११०२' क्रमांकाची ओळ पडते, आणि तिचा अर्थच 'लॉग पुसला' असा आहे.

सगळ्यांत दुर्लक्षित वही छोट्या चित्रांची आहे. आधार कार्डाचे फोटो असलेले फोल्डर तुम्ही एकदा जरी चित्रांच्या स्वरूपात पाहिले, तरी विंडोज प्रत्येक फोटोची लहान प्रत करून वेगळ्या साठ्यात ठेवते. मूळ फोटो कितीही कसून पुसा, ही प्रत राहते. चेहरा ओळखू येतो आणि मोठ्या प्रतीत कधी कधी अक्षरेही वाचता येतात. लॉजच्या काउंटरसाठी उपाय एका मिनिटाचा आहे: फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू या भागात 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' वर खूण करा. आधीचा साठा डिस्क क्लीनअपमधून काढा.

## एकाच फाइलीच्या किती प्रती?

पुसणारे सॉफ्टवेअर तुम्ही दाखवाल तीच फाइल पुसते. तिच्या जुळ्या भावंडांची त्याला माहिती नसते.

वर्डमध्ये प्रतिज्ञापत्र टाइप करताना तुम्ही वीस वेळा सेव्ह केलेत, असे समजा. वर्ड त्याच फाइलीवर वरून लिहीत नाही. दर वेळी नवी तात्पुरती फाइल लिहितो, तिला मूळ नाव देतो आणि जुनी काढून टाकतो. म्हणजे अर्धवट प्रतिज्ञापत्राच्या वीसपर्यंत जुन्या प्रती डिस्कच्या मोकळ्या जागेत विखुरलेल्या असू शकतात. शेवटची प्रत पुसली, बाकीच्यांना कोणी हात लावला नाही. छपाईचेही तेच. प्रिंटरकडे जाण्यापूर्वी पानाची एक प्रत रांगेच्या फोल्डरमध्ये लिहिली जाते आणि छपाई झाल्यावर साध्या पद्धतीने डिलीट होते.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भाग पेजफाइल नावाच्या मोठ्या फाइलीत टाकते. लॅपटॉप हायबरनेट केला तर त्या वेळी रॅममध्ये असलेले जवळपास सगळे डिस्कवर उतरते. उघडलेला कागद आणि पासवर्ड, दोन्ही त्यात असू शकतात. रिस्टोर पॉइंट (विंडोजला आधीच्या स्थितीत नेण्यासाठीच्या खुणा) घेतलेले असतील तर त्यांच्या जुन्या छायाप्रतींतही फाइल मिळू शकते. आणि डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल, तर इथे पुसलेली फाइल तिकडच्या वैयक्तिक खात्याच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. ज्या फोनवरून कागद आला, त्या फोनच्या व्हॉट्सॲपच्या 'सेंट' फोल्डरमध्येही एक प्रत असते. ती मात्र गिऱ्हाइकाची, तिची काळजी त्याने घ्यायची.

गोदेचा पूर ओसरल्यावरही घाटाच्या पायऱ्यांवर गाळाची रेघ राहते आणि पाणी कुठवर चढले होते ते दुसऱ्या दिवशीही कळते. फाइल डिस्कवरून जाताना अशीच रेघ सोडते. एक पायरी धुतल्याने घाट धुतला जात नाही.

## फार लहान फाइल, फार मोठा डबा

पासवर्ड नोटपॅडमध्ये लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हा भाग. सुमारे ७०० बाइटपेक्षा लहान फाइलीला वेगळी जमीनच मिळत नाही, तिचा मजकूर मास्टर फाइल टेबलच्या पानावरच लिहिला जातो. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह नेहमीच्या साठवणीत ३ बाइट घेते, म्हणजे मराठीत सव्वादोनशे चिन्हांपर्यंतची चिठ्ठी अशी थेट पानावर असते. 'मोकळी जागा पुसा' हे बटण दाबले तर जमीन नांगरली जाते, पण नोंदवहीची पाने चांगले साधन असेल तरच साफ होतात. विंडोजची स्वतःची 'सायफर' ही आज्ञा (सायफर स्लॅश डब्ल्यू कोलन सी) मोकळी जागा तीन फेऱ्यांत भरते, अशा चिमुकल्या फाइलींवर मात्र तिची भिस्त ठेवू नये.

उलट टोक पेनड्राइव्हचे. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला तर जागेचे वाटप १२८ केबीच्या डब्यांत होते. १० केबीची फाइल ठेवली तरी अख्खा डबा तिच्या नावावर जातो, आणि उरलेल्या सुमारे ११८ केबीत आधीच्या फाइलीचे तुकडे पडून राहू शकतात. मोकळी जागा पुसणाऱ्याला हा डबा 'वापरात' दिसतो, म्हणून तो सोडून देतो.

## एसएसडीवर नांगरच चालत नाही

आतापर्यंतचे सगळे तबकडीच्या डिस्कबद्दल होते. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क असते आणि तिथे 'त्याच जागेवर वरून लिहिणे' ही गोष्टच नाही.

लासलगाव-पिंपळगावकडची कांदा चाळ डोळ्यांसमोर आणा. एका कप्प्यातला सडका कांदा तिथल्या तिथे बदलता येत नाही. चांगला कांदा निवडून दुसऱ्या कप्प्यात टाकायचा आणि पहिला कप्पा संपूर्ण रिकामा करायचा. एसएसडीच्या चिपमध्ये लिहिणे होते काही किलोबाइटच्या पानांत, पण खोडणे होते शेकडो पानांच्या अख्ख्या कप्प्यात. म्हणून तुम्ही जुन्या फाइलीवर शून्ये लिहिलीत की एसएसडी ती शून्ये दुसऱ्याच कोऱ्या पानावर लिहिते. जुने पान 'रद्द' ठरवते आणि तो कप्पा रिकामा करण्याची पाळी येईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. चिप सारख्या झिजाव्यात म्हणून डिस्क आपणहून जागा फिरवत राहते, आणि विंडोजला दिसतच नाही असा काही साठा ती राखीव ठेवते. पुसणारे सॉफ्टवेअर तिथे पोचूच शकत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिपा उघडून हे मोजले. एकेक फाइल पुसण्याची एकही पद्धत त्यांच्या परीक्षेत उतरली नाही. तेव्हाच्या सॅटा (कॉम्प्युटरच्या आत जोडायच्या) एसएसडींवर फाइलीचा ४ ते ७५ टक्के मजकूर उरला होता. ॲपलनेही २०१५ मध्ये 'कचरापेटी सुरक्षित रिकामी करा' ही सोय मॅकमधून काढून टाकली, कारण एसएसडीसारख्या फ्लॅश साठवणीवर तिची खात्री देता येत नव्हती. माझ्या मते हा प्रामाणिक निर्णय होता. खोट्या खात्रीचे बटण असण्यापेक्षा नसलेले बरे.

ट्रिमचे काय, असे जाणकार विचारतील. ट्रिम म्हणजे फाइल डिलीट झाल्यावर विंडोजने डिस्कला 'ही पाने आता नकोत' असे कळवणे. आजच्या विंडोजमध्ये ते चालू असते. त्यानंतर साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला बहुधा नुसती शून्येच दिसतात, आणि हा खरा फायदा आहे. मात्र चिपमधला मजकूर डिस्क सवडीने खोडते, आणि बरेच पेनड्राइव्ह, मेमरी कार्डे व यूएसबी डब्यात घातलेल्या डिस्का यांच्यापर्यंत ट्रिमचा निरोप पोचतच नाही. शिवाय वर सांगितलेल्या फेरफार वह्या आणि पेजफाइल, रिस्टोर पॉइंट यांतल्या जुळ्या प्रती 'वापरातल्या' जागेत असतात. त्यांना ट्रिम लागू नाही.

## 'हे तर गुन्हेगाराच्या कामाचे' असे कोणी म्हणेल

तपासाचा विषय निघाला की एक गोष्ट स्पष्ट हवी. न्यायालयात किंवा तपासात सादर करावा लागेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तो सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. आणि वर पाहिलेच, पुसल्याची खूण पुसणाऱ्यापेक्षा जास्त बोलते. नोटीस आली असेल किंवा वाद सुरू असेल तर कशालाही हात लावू नका.

प्रामाणिक माणसाचे काम वेगळे आहे. त्याच्याकडे दुसऱ्यांचे कागद विश्वासाने आलेले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम संपल्यावर आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसेल तर तो डेटा पुसण्याची जबाबदारी घातली आहे. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पाहुण्यांचे रजिस्टर जितके दिवस ठेवणे बंधनकारक आहे तितके ठेवाच. त्यापलीकडचे फोटो ठेवण्यात धोका आहे, फायदा शून्य.

## मग करायचे काय

पुसण्याचा विचार शेवटी करू नका, पहिल्या दिवशी करा. त्यासाठी एन्क्रिप्शन लागते. डिस्कवर जाणारा प्रत्येक शब्द किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात लिहायचा, म्हणजे एन्क्रिप्शन. मग फेरफार वही, छोटी चित्रे, पेजफाइल, वर्डच्या वीस प्रती आणि एसएसडीचा राखीव साठा, सगळेच त्या रूपात जाते. विकताना किल्ली नष्ट केली की उरतो तो गोंधळ. एक टेराबाइट पुसण्याऐवजी काही बाइटची किल्ली पुसायची, हे सोपे आहे.

विंडोज ११ होममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन असे जा. प्रो आवृत्तीत एन्क्रिप्शनसाठी बिटलॉकर मिळतो. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. ती हरवली आणि विंडोज बिघडले तर स्वतःचा डेटाही गेला असे समजा.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. जुन्या कॉम्प्युटरवर बिटलॉकर चालू करताना 'फक्त वापरातली जागा' हा पर्याय निवडला तर मोकळ्या जागेतले जुने, डिलीट केलेले कागद उघडेच राहतात. वापरात असलेल्या मशीनवर नेहमी 'संपूर्ण डिस्क' निवडा. आधीच चालू असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई डॅश स्टेटस' ही आज्ञा द्या. उत्तरात 'युज्ड स्पेस ओन्ली' दिसले तर 'मॅनेज-बीडीई डॅश डब्ल्यू' आणि पुढे 'सी कोलन' देऊन मोकळी जागा पुसून घ्या.

विकण्याच्या वेळी विंडोजच्या 'रिसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि चेंज सेटिंग्जमध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. हा पर्याय आत दडलेला आहे, न उघडता पुढे गेलात तर नुसता कंसच होतो. एन्क्रिप्शन कधीच केले नव्हते आणि डिस्क एसएसडी आहे, तर डिस्कच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमधून) 'सिक्युअर इरेज' द्या. ही आज्ञा डिस्कच्या आतल्या यंत्रणेलाच जाते, त्यामुळे राखीव साठ्यालाही लागते. तबकडीची डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट' ची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्ये लिहितो.

ॲन्ड्रॉइड १० सह आलेल्या फोनमध्ये एन्क्रिप्शन असतेच, फॅक्टरी रिसेटने किल्ली जाते. रिसेटपूर्वी गुगल खाते काढा आणि मेमरी कार्ड काढून घ्या. झेरॉक्सवाल्यांनी आणखी एक पाहावे: भाड्याने घेतलेल्या मोठ्या मशीनमध्ये बहुधा स्वतःची डिस्क असते आणि तिच्यात पानांच्या प्रती राहू शकतात. मशीन परत करताना ॲडमिन मेनूतली डिस्क पुसण्याची सोय वापरा, किंवा पुसून दिल्याचे लेखी घ्या.

## पुसले की नाही, हे कसे पाहायचे

रिसेट झालेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, तिच्यावर फोटोरेक चालवा आणि सापडलेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवू द्या. विंडोजची स्वतःची चित्रे आणि आयकॉन निघतील, त्यांची काळजी नको. आधार कार्ड, सातबारा किंवा लग्नाचे फोटो निघाले तर पुन्हा पुसा. मृत पडलेली, कॉम्प्युटरला दिसतच नसलेली डिस्क पुसताही येत नाही आणि तपासताही येत नाही. तबकडीची असेल तर ड्रिलने तबकड्यांतून तीन-चार भोके पाडा. एसएसडी असेल तर झाकण काढून प्रत्येक काळी चिप फोडा, कारण एक राहिली तरी तिच्यातला मजकूर राहिला. लोहचुंबकाचा एसएसडीवर काही परिणाम होत नाही. फोडल्यावर तुकडे ई-कचऱ्यात द्या.

आणि खात्री वाटत नसेल तर डिस्क काढून घ्या आणि लॅपटॉप तिच्याशिवाय विका. दुकानदार थोडे पैसे कमी देईल.